न धुता येणारी वाकळ

दत्तरावांचा फोन आला तेव्हा मी परभणीत एका सत्कार समारंभाला बसलो होतो. सत्कारमूर्ती व्यासपीठावर होते, हार टेबलावर होते, शाली अजून खोक्यांत होत्या आणि प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे रस्त्यात होते. निवेदक थोड्या थोड्या वेळानं 'अल्पावधीतच' असं म्हणत होता. त्या पेंगुळलेल्या शांततेत माझा फोन वाजला. दत्तराव म्हणाले, "दादा, आपली अर्चना गेली." ...आणि खरं सांगतो, क्षणभर मला कळलंच नाही कोण गेलं. कोण अर्चना? नात्यागोत्यातल्या, ओळखीपाळखीतल्या अर्चना मी मनातल्या मनात धुंडाळू लागलो. पलीकडे दत्तराव बोलायचे थांबले होते, नुसता श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासावरून मला उमगलं की गया गेली. माझी चुलतबहीण गया. तिच्या जाण्याची बातमी मला तिच्या दुसऱ्या नावानं आली, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचायला थोडा उशीर झाला. तेवढ्यात पाहुणे आले, टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्यांतून वाट काढत मी बाहेर पडलो.

झरीला आमच्या दोन घरांत अंगण एकच होतं. मी वयानं बराच मोठा, म्हणून तिचा दादा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचं काम घरात कुणी न सांगता तिच्याकडे आलेलं. एका वर्षी तिनं आमच्या पांढऱ्या बैलाचं एक शिंग निळं केलं आणि दुसरं पिवळं. काका चिडले, गावात हसं होईल म्हणाले. ती म्हणाली, दोन्ही शिंगं एकाच दिशेला कुठं जायलीत, मग रंग एकच कामून पायजे? बैल तसाच मिरवला. हसं झालं नाही. पुढच्या वर्षी आणखी दोघांच्या बैलांची शिंगं दुरंगी होती. कलेच्या क्षेत्रात झरी गावाचा तेवढाच प्रभाव मला ठाऊक आहे.

बारावी झाली आणि तिचं लग्न झालं. सेलूचं स्थळ, घरची शेती, शिवाय खताबियाणांचं दुकान, आणि दत्तरावांसारखा शांत माणूस. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. लिहितो नवरदेव, पण सांगते सासू. सासू म्हणजे सरूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो. मावशींच्या मते गया हे नाव म्हातारीला शोभणारं होतं; बारावी शिकलेल्या सुनेला शहरी नाव पाहिजे. त्या काळी अर्चना हे नाव चलतीत होतं. दत्तरावांनी ताटात 'अर्चना' लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले, आणि झरीची गया संपली. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, त्या वेळी तुला काय वाटलं होतं गं? ती जरा विचार करून म्हणाली, "ह्यांचं अक्षर चांगलं वाटलं."

मुलगा पुण्याला नोकरीला लागला त्या वर्षी तिनं घरात जाहीर केलं की आपण परभणीच्या चित्रकला महाविद्यालयात नाव घालणार. वय पन्नाशीकडे झुकलेलं. मावशींना वाटलं सून थट्टा करते आहे. दत्तरावांना वाटलं की ह्यात आपल्या परवानगीचा काही भाग असावा, म्हणून त्यांनी ती देऊन टाकली. अडचण आली ती कॉलेजच्या खिडकीपाशी. बारावीच्या कागदावर गया, आधार कार्डावर अर्चना. खिडकीमागच्या बाबूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, वर पाहिलं आणि विचारलं, ह्या दोघी एकच कशावरून?  समोर उभं राहून 'मीच ती' म्हणणं हा काही पुरावा होत नाही. राजपत्रात छापून आणा म्हणाले. ती तशीच परतीच्या गाडीत बसली आणि सेलूला उतरून घरी न जाता माझ्याकडे आली. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथपालपदावरून नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरातल्या पुस्तकांना नंबर घालत बसलो होतो. दारातूनच म्हणाली, "दादा, मी मीच हाय म्हणून सरकारला छापायला लावायचंय. कसं करतेत ते?" हसत होती. हसता हसता खुर्चीवर बसली आणि दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले...

राजपत्र छापून आलं, प्रवेश मिळाला आणि गया रोज सकाळच्या गाडीनं परभणीला जाऊ लागली. वर्गातली मुलं तिच्या मुलापेक्षा लहान. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला, आणि तिच्या मागून आलेल्या खऱ्या शिक्षिकेला कुणी विचारलं नाही. नंतर मुलं तिला काकू म्हणू लागली आणि तिच्या डब्यावर हक्क सांगू लागली. तिला मिश्र माध्यम हा विषय आवडला. नाव भारदस्त आहे, पण तिनं मला समजावलं ते असं: कशाला काय चिकटतं आणि कशाला चिकटत नाही, हे करून बघायचं. प्रत्येक प्रयोगाचा वीतभर नमुना करायचा, मागं पुठ्ठ्याची चिठ्ठी लावायची, आणि फसलेला नमुनाही फेकायचा नाही.

हे नमुने ती करायची कापसाच्या खोलीत. वेचणी झाली की भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवणारी आमच्याकडची घरं अजून आहेत. दत्तरावांच्या घरात त्यासाठी मागच्या बाजूला एक लांबट, एका खिडकीची खोली आहे. कापूस सरकी काढायला जिनिंगला गेला की ती खोली रिकामी होई आणि गयाचा स्टुडिओ सुरू होई. दिवाळीच्या सुमारास नवा कापूस आला की स्टुडिओ बंद. ती म्हणायची, आमच्या कलेला हंगाम हाय. तिथं तिनं शेतातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून कापडावर थापली. माती वाळली की तिला तडे जात आणि ती पापुद्र्यानं सुटून पडे. मग तिनं मातीत रुई पिंजून मिसळली. आता तडे तर गेले, पण माती सुटली नाही. रुईनं तिला आतून धरून ठेवलं. त्या नमुन्याचा तिला फार आनंद झाला होता. उन्हात नेऊन मला दाखवला. बघ, म्हणाली, फाटलेलं हाय, पर पडंना गेलंय. खतांच्या गोण्यांचे प्लास्टिकचे धागे, बारदान, जुन्या लुगड्यांचे काठ, सरकी, चहाच्या चोथ्यात बुडवून तपकिरी केलेलं मांजरपाट... तिच्या हाताला काही वर्ज्य नव्हतं. दत्तराव दुकानातून आले की आधी आपला शर्ट खुंटीवर आहे ना हे बघत.

तिसऱ्या वर्षी शोधनिबंधासाठी विषय निवडायचा होता. बाकीच्या मुलांनी मोठमोठे विषय घेतले; एकानं विश्व घेतलं होतं. गयानं 'ओळख आणि कला-उपचार' असा विषय घेतला आणि पुस्तकांसाठी माझ्याकडे आली. मी काही पुस्तकं काढून दिली, वाचायला मदत केली आणि माझा संशयही तिला ऐकवला. उपचार ह्या शब्दाची मला जरा भीती वाटते. आजकाल पायी चालणं हा उपचार असतो, हसणं हा उपचार असतो, आणि त्यांची शिबिरं असतात आणि शिबिरांचे फ्लेक्स असतात. चिंध्या शिवून कोण बरं होतं? असं मी तिला स्पष्ट विचारलं. तिनं वाद घातला नाही. म्हणाली, "बरं कोन व्हतंय, दादा? पर हात कामात आसले की माणूस दुसऱ्याला दाखवायपुरतं तोंड करत न्हाई. तेवढा येळ त्याचं तोंड त्याचं ऱ्हातं." माझ्या कपाटातल्या पुस्तकांत ह्याहून लांब व्याख्या होत्या. एवढंच सांगतो की मी त्या नंतर तिला वाचून दाखवल्या नाहीत.

मग उन्हाळ्यात, दुपारी, त्या खोलीत बायका येऊ लागल्या. गल्लीतल्या काही, शेतात कामाला येणाऱ्या काही. त्यांतली एक कौसा. कौसा दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते, त्यामुळे गयाच्या स्टुडिओचा आणि कौसाचा हंगाम बरोबर जुळला. पद्धत अशी ठरली होती: प्रत्येकीनं आपल्या अंगावरचं एखादं विरलेलं कापड आणायचं. कौसानं ऊस तोडताना लुगड्यावरून घालायच्या शर्टाची पाठ आणली होती. त्या कापडावर जे ठेवावंसं वाटेल ते ठेवायचं, चिकटवायचं, शिवायचं. माती, गुंडी, बांगडीचा तुकडा, काहीही. आणि शेवटी त्याच्यावर दुसरं कापड ठेवून चारी बाजूंनी टाके घालून बंद करायचं. आत काय आहे ते जिचं तिला ठाऊक. गया विचारायची नाही आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. बायका त्याला ठिगळ म्हणत. झालेली ठिगळं एका पत्र्याच्या पेटीत जात, आणि ती कुणालाही दाखवायची नाहीत असा गयाचा शब्द होता. ह्या शब्दावरच त्या येत होत्या. ज्या बायकांना घरात मोबाइलवरसुद्धा सगळ्यांसमोर बोलायचं असतं, त्यांना बंद करून ठेवता येईल अशी ती एकच वीतभर जागा होती.

मावशींनी ह्या प्रकाराला पहिल्या आठवड्यातच नाव दिलं: चिंध्याचा दवाखाना. येणाऱ्या बायकांना त्या दारातच विचारायच्या, काय गं, आज कोन्ता आजार? इंजेक्शन देती का निस्त्या गोळ्या? बायका तोंडाला पदर लावून हसत आत जात. नंतर कधीतरी मी पाहिलं की मावशी धान्य निवडायला सूप घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात बसतात. मास्तर, इथं उजेड चांगला हाय, असं मी न विचारताच त्यांनी मला सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा सूप उंबऱ्याच्या आत होतं.  एका खिडकीच्या त्या खोलीत अंगणापेक्षा जास्त उजेड कसा, हा प्रश्न मी गिळला.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजात कामाची प्रगती पाहायला बाहेरून एक परीक्षक आले होते. गयानं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. एका लांब भिंतीवर तिनं स्वतःचे नमुने लावले होते. काही गया नावाचे आणि काही अर्चना नावाचे, असं ती म्हणे. आणि शेजारी भिंतीचा मोठा तुकडा मोकळा ठेवून त्यावर ओळीनं नुसते खिळे ठोकले होते. परीक्षकांनी खिळ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इथे काय आहे? ती म्हणाली, इथं बायकांची ठिगळं हायेत, त्यांनी दाखवायची न्हाईत म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, पण मग तुमचा उपचार झाला ह्याला पुरावा काय? आजूबाजूची मुलं कानकोंडी झाली. गया अगदी शांतपणे म्हणाली, "सर, तुमी दवाखान्यात गेलाव तर डॉक्टर तुमचे रिपोर्ट भिंतीला लावतेत का?" परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि खिळे पुन्हा एकदा नीट पाहिले. गुण मात्र त्यांनी जपूनच दिले असं नंतर कळलं. ती म्हणाली, खिळ्याचे तरी मिळाले की.

त्याच सुमारास तिचं पोट दुखायला लागलं होतं. आधी ॲसिडिटी, मग पित्त, मग मोठा दवाखाना, आणि मग ते, ज्याचं नाव घरात कुणी उच्चारत नव्हतं. उपचार ह्या शब्दाचा तिनं त्या दिवसांत पुरेपूर अनुभव घेतला. तरी दवाखान्यातून येताना ती गोळ्यांची रिकामी चकचकीत पाकिटं आणि एक्स-रेच्या फिल्मा पिशवीत घालून आणायची. अंगात होतं तोवर नमुने करत होती. काळी फिल्म कातरून तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला एक नमुना माझ्या फार आवडीचा आहे. आमची शेवटची भेट कापसाच्या खोलीतच झाली. ऊन उतरत होतं. खाट तिनं तिथंच टाकून घेतली होती. मावशी पायथ्याशी, दत्तराव दाराला टेकून. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, शेवटच्या परीक्षेला अजून वेळ आहे, तोवर बरी होशील. ह्या खोलीत तरी असलं तोंड करू नको, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दत्तरावांना म्हणाली, "माझी पेटी सांबाळा बरं का." ते म्हणाले, सांभाळतो.  मावशींचा तिच्या पायावर हात होता तो त्यांनी तसाच ठेवला...

दत्तरावांनी सांभाळणं म्हणजे काय ते आपल्या परीनं ठरवलं. तेरावा झाला आणि ते माझ्याकडे आले. हातात एक नकाशा होता. मंगल कार्यालयाच्या हॉलचा. तिचं शिक्षण अर्धं राहिलं, म्हणाले, मी तिचं प्रदर्शन भरवून पूर्ण करायलोय. तिचे नमुने आणि त्या बायकांची सगळी ठिगळं, वरचं कापड उसवून, काचेच्या फ्रेममध्ये. उद्‌घाटनाला एका पुढाऱ्यांनी वेळ दिली आहे. कॉलेजही खूश आहे. फ्लेक्सचं आणि गल्लीच्या जेवणाचं सांगून झालं आहे. तुम्ही प्रास्ताविक करायचं. मी म्हणालो, पण दत्तराव, तिनं बायकांना शब्द दिला होता. ते म्हणाले, दादा, बायका लाजतात हो. एकदा भिंतीवर लागलं, चार लोकांनी वाखाणलं, की त्यांनाच बरं वाटतं बघा. ...मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. हा माणूस आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नाही, आणि आता बायकोसाठी एकदाच त्याला लाउडस्पीकर लावायचा होता. समारंभांची मी थट्टा करतो खरी. पण शोकाला हात कुठं ठेवावेत हे कळत नाही, तेव्हा तो हार विकत आणतो, हे मी जन्मभर पाहत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. गल्लीत फ्लेक्सची बातमी फिरली होती. म्हणाली, "तुमी ताईचे भाऊ हाव म्हनून आले. आमचं उसवून भितीला लटकवू नगा म्हनावं. ताईनं शबूद दिलाय." मी म्हणालो, बोलतो दत्तरावांशी. ती म्हणाली, "माझा नवराबी येतो तिथं जेवाया. त्यानं बगितलं तर मला ह्या गावात ऱ्हाता येणार न्हाई." एवढंच. तिच्या ठिगळात काय होतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण आता मामला लाजेचा नव्हता, हे मला स्वच्छ कळलं. कपडे घालून मी तसाच तिच्यामागून दत्तरावांकडे निघालो.

दत्तराव कापसाच्या खोलीत पेटी उघडत होते. फ्रेमवाला यायचा होता. मी बोलायला सुरुवात केली आणि त्याच वेळी पेटीचं झाकण वर गेलं. आत गयाचे स्वतःचे नमुने होते, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांसकट, नीट रचलेले. ठिगळ एकही नव्हतं. दत्तरावांनी नमुने बाहेर काढले, पेटी उलटी केली, आत हात फिरवला. मग त्यांनी मला नव्हे, कुणालाच उद्देशून नव्हे, असं विचारलं, कुठं गेली? उत्तर पडवीतून आलं. मावशी तिथं जमिनीवर वाकळ पसरून बसल्या होत्या. आपल्याकडची वाकळ, पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात ती. गेलेल्या माणसाचे चांगले कपडे आपल्याकडे वाटून टाकतात आणि विरलेली लुगडी वाकळीत जातात. वरच्या बाजूला गयाचं रोजचं हिरवं पातळ होतं, खालून तिनंच चहात रंगवलेलं तपकिरी मांजरपाट. मधे थर भरून कडेचे टाके घालत आणले होते. सुई न थांबवता मावशी म्हणाल्या, "पेटीत चिंध्या व्हत्या. त्या भरल्या आत."

दत्तरावांचा चेहरा मी पुन्हा पाहू इच्छित नाही. ते आईवर कधी ओरडले नव्हते, आताही ओरडले नाहीत. म्हणाले, "माय, त्या चिंध्या नव्हत्या. तिचा अभ्यास होता तो. तुला कळलं न्हाई." अडाणी म्हातारी, दिसल्या चिंध्या, घातल्या वाकळीत, आमच्या भागात कुठल्याही घरी घडेल अशी चूक. मलाही तसंच वाटलं. मावशींनी दोरा दातानं तोडला, सुई ब्लाउजला टोचून ठेवली आणि लेकाकडे पाहिलं. "कळलं न्हाई कसं? मी बी बसत व्हते तिथं. माझं बी हाय त्येच्यात." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला काडायचं आसंल तर काड. पर तिच्या पातळावर कातर चालवाया लागंल." आणि कातर त्यांनी वाकळीवरून त्याच्यापुढे सरकवली.

दत्तराव खाली बसले. कातरीला त्यांनी हात लावला नाही. हिरव्या पातळाला लावला... किती वेळ तसे बसले होते, मी पाहिलं नाही. मी अंगणात आलो. कौसा कोपऱ्यात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. फाटकाबाहेर जाताना ती चप्पल घालायचं विसरली आणि परत आली.

तांदळाच्या ताटात अर्चना लिहवून घेणाऱ्या मावशींनी त्या खोलीत कुठलं कापड आणलं असेल, आणि त्याच्यावर काय ठेवून बंद केलं असेल, ह्याचा विचार मी करतो. सरूबाई हेही त्यांचं सासरचंच नाव. माहेरचं ठाऊक असलेलं आता कुणी उरलेलं नाही. पण हे माझे अंदाज. विचारायचं नाही असा त्या खोलीचा नियम आहे, आणि मी तो मोडलेला नाही.

प्रदर्शन झालं. फ्रेमवाल्याला थोडंच काम राहिलं. दत्तरावांनी गयाचे नमुने हॉलमध्ये स्वतः लावले, आणि त्यांच्या शेजारी भिंतीचा मोठा तुकडा मोकळा सोडून तिथं ओळीनं खिळे ठोकले. मी त्यांना सुचवलं नव्हतं. परीक्षक आले तेव्हा कॉलेजात ते नव्हते. मुलांकडून ऐकलं असावं. फ्लेक्सवर 'कै. अर्चना' होतं आणि त्याखाली कंसात 'गया'. राजपत्रानंतर ही दोन नावं एकत्र छापली गेली ती पहिल्यांदाच, आणि ह्या वेळी कुणी पुरावा मागितला नाही. पाहुणे उशिरा आले आणि सिंचनावर बोलले. जाता जाता त्यांची नजर खिळ्यांवर गेली. म्हणाले, इथलं लावायचं राहिलंय वाटतं? दत्तराव म्हणाले, "नाही साहेब, ते पूर्ण आहे." पाहुण्यांनी मान डोलावली. मान डोलावण्याचा त्यांना मोठा सराव होता, पण त्या दिवशी ती योग्य ठिकाणी डोलली. मी प्रास्ताविक केलं. थोडक्यात केलं, ही माझ्याकडून गयाला श्रद्धांजली.

आता नवा कापूस आला आहे. खोली छतापर्यंत भरली आहे, खिडकीसुद्धा दिसत नाही. पेटी दत्तरावांच्या खाटेखाली असते आणि वाकळ खाटेवर. ती वाकळ फार जड आहे. हात फिरवला की मधेच कडक लागतं, मधेच गुंडी, मधेच काहीतरी करकरतं. आणि ती धुता येत नाही; आतली काळी माती सुटेल. म्हणून मावशी तिला दर दोन-चार दिवसांनी अंगणातल्या खाटेवर उन्हाला घालतात आणि शेजारी सूप घेऊन बसतात. परवा मी तिथं चहा पीत होतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ट्रॅक्टर कोपऱ्यावर उभा होता, माणसं भांडीकुंडी चढवत होती. कौसा आली. अंगात तो लांब बाह्यांचा शर्ट होता, नवा. ती थेट वाकळीपाशी गेली आणि हिरव्या पातळावरून तळहात फिरवत फिरवत एका जागी थांबली. तिथं दाबून पाहिलं. हात तसाच ठेवला. मग पदर खोचला, 'येते माय' म्हणाली आणि ट्रॅक्टरकडे निघून गेली. मावशी पाखडत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेल्यावर त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, मास्तर, ते टोक धरा जरा. आम्ही दोघांनी वाकळ उलटली. खालच्या बाजूलाही ऊन लागायला हवं होतं.